विजेचा झटका, पारडू आणि आपली जबाबदारी

जनावर जबह करण्यापूर्वी त्याला विजेचा झटका देऊन बेशुद्ध करावे काय, असा विषय निघाला की आपल्या लोकांत दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, "हा आपल्या दीनमधला हस्तक्षेप आहे, त्यावर बोलूच नका." दुसरा म्हणतो, "सारी दुनिया यंत्रावर गेली, आपणच मागे राहिलो." पहिल्याला यंत्र म्हणजे हराम वाटते, दुसऱ्याला यंत्र म्हणजेच दया वाटते. माझ्या मते दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलतात. ज्या मुक्या जनावराबद्दल हा सारा वाद आहे, त्याच्यावर त्या घडीला काय गुदरते, हे दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

मी मुफ्ती नाही, पशुवैद्यही नाही. बुलडाणा जिल्ह्यात गेली तीस वर्षे कापड विकणारा एक साधा व्यापारी आहे. शाळा उर्दूतून झाली, मराठी मात्र दुकानाच्या गादीवर बसून शिकलो. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. परंतु मोजमाप हा माझा रोजचा विषय आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हा प्रश्नही शेवटी मोजमापाचाच आहे.

जे डोळ्यांनी पाहिले

काही वर्षांपूर्वी मालाच्या खरेदीसाठी परराज्यात गेलो होतो. तेथील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने आपल्या नातलगाचा मांसाचा कारखाना दाखविला. जागा स्वच्छ होती. पाणी वाहते होते. भिंतीवर एक पेटी आणि तिला जोडलेला विजेचा चिमटा होता. म्हशीचे एक पारडू आणले गेले. वय असेल सहा-सात महिन्यांचे. एकाने डोके धरले, दुसऱ्याने चिमटा लावला. पारडू कोसळले, पाय ताठ झाले. मला वाटले, काम झाले. पण मी त्याच्या तोंडाजवळ उभा होतो. त्याचा डोळा माझ्या हाताबरोबर फिरत होता. पापणी लवत होती. मान उचलण्याचा तो प्रयत्न करीत होता, पण अंग त्याच्या ताब्यात नव्हते. छुरी चालविणारा इसम तेवढ्यात कोणाशी तरी बोलत होता.

मी चिमटेवाल्याला विचारले, "भाई, यह तो होश में है." तो प्रामाणिकपणे म्हणाला, "करंट कम रखते हैं साहब. ज़्यादा दिया और मर गया तो हराम हो जाएगा." पेटीवरचा काटा केव्हाचा बंद पडला होता. किती वीज जात आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

त्या माणसाची नियत वाईट नव्हती. हरामच्या भीतीनेच त्याने वीज कमी केली होती. पण परिणाम असा झाला की त्या पारडाला झटक्याची वेदनाही मिळाली आणि छुरीचीही. मोजमाप न करता वापरलेले यंत्र हे दोन्हीकडून नुकसान करते, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या मनात पक्की बसली.

प्रथम कायदा समजून घ्या

पुढे जाण्याआधी महाराष्ट्रातील स्थिती स्पष्ट असली पाहिजे, कारण या धंद्यात अर्धवट माहिती महाग पडते. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ प्रमाणे गाय आणि तिचे वासरू, नर असो वा मादी, यांच्या कत्तलीला आपल्या राज्यात बंदी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने वळू आणि बैलही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी कायम ठेवली. म्हशी आणि म्हशीची पारडे यांना या कायद्याप्रमाणे सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. दाखल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. तेव्हा या लेखात मी पारडू म्हणतो ते म्हशीचेच, आणि दाखला असलेलेच.

याशिवाय केंद्र सरकारचे कत्तलखान्यांविषयीचे नियम २००१ सालापासून आहेत. हे नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली झाले. त्यांच्यानुसार गाभण जनावर, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली आई, आणि स्वतः तीन महिन्यांच्या आतील जनावर यांची कत्तल करता येत नाही. एका जनावरासमोर दुसरे जनावर कापता येत नाही. कत्तलीपूर्वी विसावा, सावली आणि पाणी दिले पाहिजे. मोठ्या जनावराला गोठ्यात निदान २.८ चौरस मीटर आणि लहान जनावराला १.६ चौरस मीटर जागा पाहिजे. एका पशुवैद्याने तासाला १२ पेक्षा आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, असेही त्यात आहे. आणि आपल्या विषयाची गोष्ट म्हणजे, प्रत्येक कत्तलखान्याने शक्य तितक्या लवकर बेशुद्ध करण्यासाठी वेगळी जागा करावी, असे हेच नियम सांगतात. ही जागा धार्मिक पद्धतीच्या जबहलाही सोयीची असावी, हा विचारही त्यात आलेला आहे.

दुसरीकडे १९६० च्या कायद्याचे २८ वे कलम धर्माच्या पद्धतीप्रमाणे जनावर मारणे हा गुन्हा मानत नाही. म्हणजे आज कायदा आपल्यावर जबरदस्ती करीत नाही, आणि दारही बंद करीत नाही. निर्णय घेण्यास आपल्याला वेळ मिळाला आहे. हा वेळ आपण कसा वापरतो, हा प्रश्न आहे.

झटक्याने नेमके होते काय?

डोक्यातून पुरेशी वीज गेली की मेंदूत मिरगीसारखा झटका येतो आणि जनावर एका क्षणात बेशुद्ध होते. हृदय मात्र चालू राहते. त्याला तसेच सोडून दिले तर काही मिनिटांत ते उठून उभे राहते. याला डोक्यापुरते स्टनिंग म्हणतात. दुसरा एक प्रकार आहे, त्यात वीज डोक्यापासून पाठीपर्यंत किंवा छातीपर्यंत नेतात आणि हृदय बंद पाडतात. तो आपल्या कामाचा नाही, कारण त्यात जनावर जबहपूर्वीच मरते. हे दोन प्रकार एकच समजल्यामुळे आपल्याकडे फार गोंधळ झाला आहे.

आता वीज कमी पडली तर काय होते? मेंदू शुद्धीवर राहतो, पण स्नायू जखडले जातात. बाहेरून पाहणाऱ्याला जनावर शांत वाटते, आत ते सारे भोगत असते. मी पाहिलेल्या पारडाचे हेच झाले. अशा रीतीने विजेने जनावर जखडून ठेवणे जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही निषिद्ध मानले आहे.

लोक व्होल्ट विचारतात, पण काम करतो तो अँपियर. टाकी उंचावर असली तरी पाइपात गाळ भरला असेल तर नळाची धार बारीकच पडते. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपियर म्हणजे नळाची धार. पारडाचे दाट केस, वाळलेला चिखल, चिमट्याच्या टोकांवर जमलेली काजळी, हा सगळा पाइपातला गाळ समजा. म्हणून चिमटा लावण्याची जागा ओली करावी लागते, टोके रोज घासून स्वच्छ ठेवावी लागतात, आणि चिमटा डोळा व कान यांच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंनी असा बसवावा लागतो की मेंदू मधोमध यावा. मानेवर लावलेला चिमटा व्यर्थ आहे, आणि जनावर पुढे हाकण्यासाठी चिमटा टोचणे हा तर उघड जुलूम आहे.

पारडाचे वेगळेपण

वीज किती द्यावी याचे आकडे जगात ठरलेले आहेत. सहा महिन्यांच्या आतील वासरासाठी जागतिक पशुआरोग्य संघटना निदान १.० अँपियर सांगते, मोठ्या जनावरासाठी १.५. युरोपच्या २००९ च्या नियमात लहान वासरासाठी निदान १.२५ अँपियर आहे. मलेशियाच्या २००९ च्या हलाल प्रमाणपत्रकात वासरासाठी ०.५० ते १.५० अँपियर, तीन सेकंद, असे दिलेले आहे. कापडवाल्याच्या सवयीने मी हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. १.२५ ते १.५० अँपियर या पट्ट्यात तिन्ही मापे बसतात. जनावर पुरते बेशुद्ध होईल आणि मलेशियाची हलालची मर्यादाही ओलांडली जाणार नाही, असे माप मिळू शकते. अर्थात पारडाचे वय आणि अंग पाहून शेवटचा आकडा पशुवैद्यानेच ठरवावा. पण ०.५० च्या टोकाला काटा ठेवून "आम्ही हलाल प्रमाणात आहोत" असे समाधान करून घेणे धोक्याचे आहे. चिमटेवाल्याने केलेली चूक तीच.

पारडाच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आहे. शेळी-मेंढीच्या मेंदूला रक्त मुख्यतः गळ्याच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून जाते, त्या कापल्या की ती लवकर बेशुद्ध होते. गाय-म्हशीच्या जातीत मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही मेंदूला रक्त पुरवितात, आणि त्या छुरीच्या वाटेत येत नाहीत. शिवाय कापलेल्या वाहिन्यांची तोंडे कधी कधी फुगून बंद होतात. त्यामुळे पारडू शेळीपेक्षा अधिक वेळ शुद्धीवर राहू शकते. म्हणजे बकऱ्यावर हात बसलेल्या कारागिराने पारडाला बकऱ्याच्या हिशेबाने धरू नये. जास्त काळजीची गरज पारडालाच आहे.

हा हराम-हलालचा प्रश्न आहे काय?

येथे मी माझे मत देत नाही, जे ठरलेले आहे ते सांगतो. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या आपल्या दहाव्या अधिवेशनात या प्रश्नावर ठराव केला. त्यात मूळ नियम असा सांगितला की शरई जबह ही स्टनिंगशिवायच असते, आणि तिच्या अटी पाळल्या तर ती जनावरावर दया करणारीच आहे. त्याबरोबरच असेही ठरविले की स्टनिंग केलेले जनावर जबहच्या वेळी जिवंत असेल तर ते खाणे हलाल आहे, आणि जबहपूर्वी मेले तर ते मुरदार आहे. विजेच्या चिमट्यासाठी अटी घातल्या: चिमटा दोन्ही कानशिलांवर अथवा कपाळ ते डोक्याची मागची बाजू असा लावावा, वीज १०० ते ४०० व्होल्ट असावी, मेंढीसाठी ०.७५ ते १.० अँपियर आणि गाईसारख्या मोठ्या जनावरासाठी २ ते २.५ अँपियर असावी, वेळ ३ ते ६ सेकंद असावा. डोक्यात खिळा मारणारे पिस्तूल, हातोडा आणि कुऱ्हाड यांना मनाई केली.

या ठरावात वासरासाठी वेगळा आकडा नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या देशातील अनेक आलिम स्टनिंग नापसंत करतात, हेही खरे. त्यांची भीती दोन गोष्टींची आहे: जनावर आधीच मरू नये, आणि त्याला विनाकारण जास्तीचा त्रास होऊ नये. मला विचाराल तर ही भीती अगदी योग्य आहे. पण या दोन्ही भीतींचे उत्तर एकच आहे, ते म्हणजे अचूक मोजमाप. माप बरोबर असेल तर जनावर मरतही नाही आणि तडफडतही नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारूनच चालावे, परंतु विचारताना "यंत्र चालेल का?" एवढेच विचारू नये. किती अँपियर, किती सेकंद, कोणता प्रकार, उठून उभे राहते की नाही, हे सारे सांगून विचारावे. अर्धा प्रश्न विचारला की अर्धेच उत्तर मिळते.

दोन प्रयोग आणि आपला हट्ट

आपल्याकडे पत्रकांतून जर्मनीच्या एका प्रयोगाचा उल्लेख नेहमी येतो. हॅनोव्हरचे पशुवैद्य विल्हेल्म शुल्त्से यांनी १९७८ साली वासरे व मेंढ्या यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या होत्या, आणि धारदार छुरीच्या जबहमध्ये वेदनेची खूण दिसली नाही, असे लिहिले होते. हे खरे आहे. परंतु मेंढ्यांवर वापरलेले पिस्तूल कदाचित नीट चालले नसावे, अशी शंका त्याच लेखात नोंदविली होती, ते आपली पत्रके सांगत नाहीत. २००९ साली न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील क्रेग जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांवरच अधिक नव्या पद्धतीने मोजणी केली. गळ्यावर छुरी फिरताच मेंदूत वेदनेची प्रतिक्रिया उमटते, आणि स्टनिंग केल्यावर ती थांबते, असे त्यांना आढळले.

मी कोणाच्या बाजूने फैसला देणारा नाही. परंतु माल घेताना मी एकाच नमुन्यावर विश्वास ठेवीत नाही. आपल्याला आवडला तो प्रयोग मिरवायचा आणि न आवडला तो दडवायचा, हे व्यापाऱ्याला शोभत नाही आणि मोमिनालाही शोभत नाही.

रक्त नीट वाहत नाही, हा आक्षेपही ऐकू येतो. ब्रिटनमध्ये हलूक अनिल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मेंढ्यांवर आणि २००६ साली मोठ्या जनावरांवर तुलना केली. स्टनिंग केलेल्या आणि न केलेल्या जनावरांत वाहून गेलेल्या रक्तात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

जेथे मुसलमान पुढे आले, तेथे काय झाले

१९७९ च्या क्रांतीनंतर इराणने न्यूझीलंडचे मांस हलाल पद्धतीने मागितले. त्याच वर्षी तेथील मुसलमानांनी आपला महासंघ स्थापन केला आणि हलालच्या देखरेखीत भाग घेतला. तेथे डोक्यापुरते, उठवता येणारे स्टनिंग करून मग मुसलमानाच्या हातून जबह, ही रीत बसली. आज मेंढ्या, मोठी जनावरे आणि दरवर्षी लाखो वासरे तेथे अशाच रीतीने जबह होतात, आणि ते मांस मुस्लिम देश विकत घेतात. त्यांचे काम तेवढ्यावर थांबले नाही. २०१६ पासून तेथे वासरांच्या प्रवासाला १२ तासांची मर्यादा आली आणि डोक्यात घाव घालून वासरे मारण्यास बंदी झाली. वीज देण्याच्या तीन सेकंदांपुरतीच दया पाहायची नसते, गोठ्यातून निघाल्यापासून पाहायची असते, हे तेथील लोकांना कळले.

आता बेल्जियम पाहा. तेथे दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे फक्त भांडण झाले. २०१९ साली फ्लँडर्स आणि वालोनिया या दोन्ही प्रांतांत स्टनिंगशिवाय जबह करण्यास बंदी आली. २०२० साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने आणि १३ फेब्रुवारी २०२४ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ती उचलून धरली. न्यूझीलंडमध्ये आपले लोक कामाच्या ठिकाणी बसून अटी ठरवीत होते, बेल्जियममध्ये अटी दुसऱ्यांनी ठरविल्या. यातून काय शिकायचे ते उघड आहे.

"आधी आमचे पोट पाहा"

हे सारे वाचून माझा एखादा कुरैशी भाऊ म्हणेल, "सेठ, तुम्ही गादीवर बसून बोलता. आमच्या गाड्या रस्त्यात अडवल्या जातात, बैलाचा धंदा गेला, चामडेवाला भाव देत नाही. आणि तुम्ही आम्हाला दया शिकवता?" त्याचे म्हणणे खोटे नाही. २०२५ साली राज्यात ठिकठिकाणी कुरैशी बांधवांनी जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली होती, ती याच छळाला कंटाळून. त्यात शेतकरीही भरडला गेला. भाकड म्हैस आणि नर पारडू यांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्या दारात उभा राहिला. दूध न देणाऱ्या त्या नर पारडाला कित्येक गोठ्यांत आईचे दूधही पुरते मिळत नाही, ते उपाशीच मरते. त्याची दया मात्र कोणाच्या मोर्चात दिसत नाही.

तरीसुद्धा मी म्हणतो की जुलूम आपल्यावर होतो म्हणून आपल्या हाताखालच्या मुक्या जिवाशी आपण कसेही वागावे, अशी सूट मिळत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहान पोरालाही ठाऊक आहे: प्रत्येक कामात एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, जबह करायचे तर चांगल्या रीतीने करणे, छुरीला धार लावणे, जनावराला आराम देणे. जनावराच्या देखत छुरी पाजळण्यालाही त्यांनी नापसंत केले. ही शिकवण कोणा सरकारच्या परवान्यावर अवलंबून नाही. कोणी आपल्यावर बोट दाखवतो म्हणून ती पाळायची नाही, आणि कोणी बोट दाखवतो म्हणून चिडून सोडायचीही नाही.

यात धंद्याचाही हिशेब आहे. घाबरलेल्या, मारलेल्या, उपाशी तहानेल्या जनावराच्या अंगातील साखर संपून जाते. त्याचे मांस काळपट, कोरडे आणि लवकर बिघडणारे होते. काठीचा वळ उठलेला भाग कापून टाकावा लागतो. झटका आणि छुरी यांत वेळ गेला तर मांसात रक्ताचे ठिपके उतरतात. हे सारे नुकसान खाटकाच्याच गल्ल्यातून जाते.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल

आता कामाची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या जागी मी तरी असे यंत्र पाहिलेले नाही. रोजचे काम बहुतेक शेळी-मेंढीचे, दाखल्याचे पारडू त्यापेक्षा कमी. अशा स्थितीत घाईने कोणी स्वस्तातला चिमटा आणून बसवू नये. न मोजता दिलेल्या झटक्यापेक्षा कसबी हाताची धारदार छुरी पुष्कळ बरी. यंत्र आणायचे असेल तर खालील गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली गोष्ट वीज. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज इतके पडते की पंखा रेंगाळतो. साध्या पेटीवर त्या वेळी अँपियरही पडतील आणि पारडू शुद्धीवर राहील. म्हणून अँपियर कायम ठेवणारेच यंत्र घ्यावे, त्याला समोर दिसणारा काटा आणि इशाऱ्याची घंटी असावी, सोबत जनरेटर असावा. काटा बंद तर काम बंद.

दुसरी गोष्ट डोके स्थिर ठेवणारा पिंजरा. हे काम आपले वेल्डर आणि लोहार बांधव करू शकतात. गुळगुळीत कडा, न घसरणारी जमीन, पारडाच्या मापाची रुंदी, आणि माणसाला चटकन बाहेर पडण्याची वाट, एवढे पशुवैद्याकडून समजून घेऊन करावे. विजेची पेटी मात्र घरगुती जुगाडाची नको. तेथे कारागिरीची परीक्षा जनावराच्या जिवावर होते.

तिसरी गोष्ट वेळ. झटका आणि छुरी यांत वीस सेकंदांपेक्षा अधिक वेळ जाऊ नये, असे जागतिक पशुआरोग्य संघटना सांगते. छुरीवाला बिस्मिल्लाहसाठी तयार उभा असेल तर याच्या निम्म्या वेळेत काम होते. छुरीवाला तयार नसेल तर चिमटा उचलूच नये.

चौथी गोष्ट खुणा ओळखणे. जनावर तत्काळ कोसळले, अंग ताठ झाले, श्वासाची लय थांबली, डोळा स्थिर झाला आणि बुबुळाला स्पर्श केला तरी पापणी लवली नाही, तर ते बेशुद्ध आहे. मग थोड्या वेळाने पाय झाडले तरी ती शुद्धीची खूण नव्हे. परंतु पापणी आपोआप लवली, श्वास लयीत सुरू झाला, मान उचलली, आवाज काढला, तर स्टनिंग फसले आहे. लगेच पुरेसा दुसरा झटका द्यावा, आणि कारण सापडेपर्यंत पुढचे जनावर आणू नये. छुरी फिरल्यावरही डोळ्याची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत, निदान तीस सेकंद, कातडी किंवा पाय यांना हात लावू नये.

पाचवी गोष्ट वही. तारीख, अँपियर, सेकंद, छुरीपर्यंतचा वेळ, किती जनावरांना दुसरा झटका द्यावा लागला, हे रोज लिहावे. यंत्र बसविताना एकदा आलिम आणि पशुवैद्य या दोघांसमोर झटका दिलेले जनावर उठून उभे राहते याची खात्री करावी आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ग्राहकाने विचारले, अधिकाऱ्याने विचारले, मशिदीत कोणी विचारले, तर वही पुढे करता येईल.

आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही, कदाचित कधी येणारही नाही, त्यांनी उद्या सकाळपासून काय करावे? जनावराला रात्रभर विसावा आणि पाणी द्यावे. पारडाला शेपटी पिरगाळून ओढू नये, हाताने चालवावे. एका जनावराच्या नजरेसमोर दुसरे आडवे करू नये, मध्ये साधा पडदा तरी लावावा. तो पडदा लागेल तेवढा माझ्या दुकानातून घेऊन जावा, पैसे मागणार नाही. छुरी मानेच्या रुंदीपेक्षा चांगली लांब आणि खाच नसलेली असावी, टोक जखमेत रुतू नये. पाडल्याबरोबर, विनाविलंब, एका ओघात दोन्ही बाजूंच्या वाहिन्या कापल्या जाव्यात. या गोष्टींना कोणाच्या फतव्याची वाट पाहावी लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही.

शेवटी एवढेच

माझे वडील मला सांगत की गिऱ्हाईक पाठमोरे असताना जो गज सरळ धरतो तोच खरा व्यापारी. गिऱ्हाइकाला निदान तोंड आहे, घरी जाऊन कापड मोजता येते, कमी भरले तर परत येऊन भांडता येते. पारडाला तोंड असून बोलता येत नाही, आणि ते परत येणार नाही. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने किती सक्त ताकीद दिली आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. अर्धा अँपियर कमी देणे, वीस सेकंदांच्या जागी मिनिटभर लावणे, बोथट छुरी चालविणे, हीही मापातील खोटच आहे.

जिल्ह्यातील कुरैशी पंचांनी, आलिमांनी, पशुवैद्यांनी आणि आमच्यासारख्या इतर व्यापाऱ्यांनी एकदा एकत्र बसून या विषयाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. बैठकीचा चहा-पाणी आणि सतरंजी माझ्याकडे. मला त्या पारडाचा फिरता डोळा अजून विसरता आलेला नाही. दुसऱ्या कोणाला तो पाहावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.